आधी जातं, मग यंत्र



गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या घरांतून मला एकच प्रश्न आला. "काकू, घरी एस्प्रेसो करायचं यंत्र घ्यायचं म्हणतोय, कोणतं घेऊ?" एका घरी मुलाला हौस, एका घरी जावयाला, आणि एका घरी चक्क सासूबाईंना! माझं उत्तर तिघींनाही एकच होतं. यंत्र नंतर बघा, आधी ग्राइंडर घ्या. आणि ग्राइंडर घ्यायच्या आधी, हे सगळं रोज धुणार-पुसणार कोण ते ठरवा.

तुम्ही म्हणाल, या बाईला कॉफीतलं काय कळतं? आमच्याकडे सकाळची कॉफी माझ्या सासऱ्यांपासून आहे. सांगली-कोल्हापूरकडची माणसं आम्ही, कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पितळी फिल्टर घरात होताच. पुढे चिरंजीवांनी मोका पॉट आणला, मग हाताने फिरवायचा ग्राइंडर, आणि दोन वर्षांनी दांडा दाबून एस्प्रेसो काढायचं छोटं यंत्र. त्या क्रमानेच मी शिकत गेले. आज जे लिहिते आहे ते ओट्यापाशी उभं राहून आणि हिशेबाची वही समोर ठेवून.

आधी एस्प्रेसो म्हणजे काय ते समजून घेऊ. अतिशय बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट दाबलेल्या चकतीतून, साधारण ९० ते ९६ अंशांचं गरम पाणी ९ बारच्या आसपास दाबाने ढकलायचं. रूढ प्रमाण असं, की १८ ग्रॅम पूड घेतली तर २५ ते ३० सेकंदांत पेल्यात ३६ ग्रॅम कॉफी उतरावी. आपला प्रेशर कुकर शिट्टी मारतो तेव्हा त्यात वाढलेला दाब जेमतेम १ बार असतो. म्हणजे नऊ कुकरांचा दाब त्या एवढ्याशा चकतीवर येतो! मिलानच्या अकिले गाजिया यांनी १९३८ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, दांडा ओढायची त्यांची यंत्रं कॅफेंमध्ये आली. कॉफीवर येणारी ती सोनेरी साय, जिला क्रेमा म्हणतात, ती तेव्हापासूनची.

आता एवढ्या जोरात येणाऱ्या पाण्याला अडवायला काय असतं? फक्त पूड. यंत्र कितीही महाग असो, पाण्याला ३० सेकंद थोपवून धरायचं काम पुडीचंच. म्हणून मी म्हणते, खरं काम दळण्याचं आहे.

आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. जात्यात वरच्या आणि खालच्या पाळीत अंतर किती, यावर पीठ ठरतं. भाकरीला एक, लाडवाला एक, भरडायला एक. आणि जातं गुळगुळीत झालं की टाकी लावून घ्यायची. कॉफीचा चांगला ग्राइंडर म्हणजे पोलादी जातंच आहे. त्यात दोन दातेरी चकत्या असतात, एक स्थिर, एक फिरणारी. त्यांना बर म्हणतात. काहींत ते शंकूच्या आकाराचे असतात, काहींत सपाट. त्या दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकाने बदलता आलं पाहिजे. दाणा त्या फटीतून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, म्हणून सगळी पूड जवळजवळ सारखी होते.

मिक्सरच्या भांड्यात तसं होत नाही. तिथे पातं नुसतं आपटत राहतं. काही दाणे भुगा होतात, काही अर्धेच फुटतात. चटणीला ते चालतं, उलट चटणी तशीच छान लागते. पण एस्प्रेसोत पाणी जाड कणांमधून वाट काढून पळतं आणि भुग्यातला कडवटपणा ओढून आणतं. एकाच पेल्यात आंबट आणि कडू दोन्ही! वर आदल्या दिवशीच्या धणे-जिऱ्याचा वास. त्यामुळे "घरात मिक्सर आहे की, वेगळा ग्राइंडर कशाला?" असं जर घरातलं कुणी म्हणालं, तर त्यांना सांगा की मग एस्प्रेसोच कशाला, फिल्टर कॉफी उत्तम आहे. मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही, मनापासून म्हणते.

दुकानात ग्राइंडर बघताना एकच प्रश्न विचारा. एका खटक्याला बरमधलं अंतर किती बदलतं? हाताच्या ग्राइंडरमध्ये कोमान्दान्ते सी-४० हा नावाजलेला आहे, पण त्याचा एक खटका साधारण ३० मायक्रॉनचा. वनझेडप्रेसोच्या जे-अल्ट्राचा खटका ८ मायक्रॉनचा. फिल्टर कॉफीला पहिला सुरेख, पण एस्प्रेसोला दुसरा सोयीचा. कारण एस्प्रेसोत एवढ्याशा फरकाने कॉफी उतरायची वेळ पाच-सात सेकंदांनी हलते. नावाजलेला ग्राइंडर आणि आपल्या कामाचा ग्राइंडर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हाताचा घ्यावा की विजेचा? समान पैशात हाताच्या ग्राइंडरला बर चांगले मिळतात, कारण मोटारीचे पैसे वाचतात. आवाज नाही, जागा पेल्याएवढी. पण १८ ग्रॅम बारीक दळायला मिनिटभर तरी जोर लावावा लागतो आणि दाणे हलके भाजलेले असतील तर ते फार कडक असतात. ज्यांची मनगटं दुखतात, संधिवात आहे, त्यांनी हट्ट करू नये. माझ्या वयाच्या बाईला रोज चार जणांचं दळण हाताने करायला लावणं ही काही कॉफीची हौस नव्हे. अशा घरी विजेचा घ्यावा, किंवा ज्याने प्यायची त्याने दळावं. आमच्याकडे "अहो" दळतात. निवृत्तीनंतरचा त्यांचा तो व्यायाम आहे.

आता यंत्राकडे वळू. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१५ बार" लिहिलेलं असतं आणि मुलं त्याला भुलतात. १५ बार ही पंपाची कमाल ताकद. कॉफीला हवे ९. चांगल्या यंत्रात जादा दाब परत वळवणारा व्हॉल्व्ह असतो. म्हणून "किती बार" हे विचारू नका, बास्केट कोणती ते विचारा. पूड भरायची जाळी दोन प्रकारची असते. एकीला तळाशी दोन थर असतात आणि बाहेर पडायला एकच बारीक भोक. त्यात कसलीही पूड घातली तरी फेस येतो. तो फेस त्या भोकाने काढलेला, पुडीतला नव्हे. दुसरी साधी, एका थराची. तिच्यात दळण चुकलं की लगेच कळतं. स्वस्त यंत्राबरोबर बहुधा पहिलीच जाळी येते. दुकानातून तयार पूड आणूनच कॉफी करायची असेल तर तीच ठीक, तिला नावं ठेवू नयेत. पण मग ग्राइंडरवर खर्च करू नका. ग्राइंडर घ्यायचा तर साधी जाळी मिळते की नाही ते आधी बघा. ५१, ५४, ५८ मिलिमीटर अशी तिची मापं असतात. ५८ चं सामान जास्त सहज मिळतं.

आमच्याकडे विजेचं यंत्र नाही. हाताने दांडा दाबायचं आहे. फ्लेअर, कॅफेलॅट रोबोट अशी या जातीची यंत्रं आहेत. त्यांत बॉयलर नाही, पंप नाही, पाण्याची टाकी नाही. गॅसवर पाणी उकळायचं, ओतायचं, दाबायचं. दुधाला वाफ मिळत नाही ही त्यांची उणीव. आम्ही गरम दूध फ्रेंच प्रेसमध्ये वरखाली करून फेस काढतो. पण टाकी नसणं हे मला फार मोलाचं वाटलं. पाणी गाळून घ्यायचा नियम आपल्यापैकी बहुतेक घरांत आहे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं. यंत्राच्या टाकीत मात्र पाणी दिवस दिवस तसंच राहतं, आणि बॉयलरमधलं तर दिसतही नाही. टाकीचं यंत्र घरात असेलच तर पेल्यापुरतं गाळलेलं पाणी घाला आणि काम झालं की टाकी रिकामी करून कोरडी ठेवा. यंत्रालाही ते चांगलंच. बोअरचं जड पाणी घातलं तर आत क्षार धरतात आणि कंपनी सांगेल त्या द्रावणाने ते काढत बसावं लागतं.

आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी सांगते, कारण दुकानदार त्या सांगत नाही. पहिली चिकोरी. बाजारातल्या बऱ्याच कॉफी पुडींत चिकोरी असते, आणि चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. आपल्याकडे कायद्याने अशा मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांपेक्षा कमी नसावी आणि पाकिटावर दोन्हींचं प्रमाण छापलेलं असावं. कंदमूळ न खाणाऱ्या किती तरी घरांत हे माहीतच नसतं. वाळलेल्या सुंठीचा, हळदीचा न्याय चिकोरीला लावायचा की नाही, ते आपापल्या गुरूंना विचारा. मी त्यात पडत नाही. पण अख्खे दाणे आणून घरी दळले तर प्रश्नच उरत नाही. कॉफीचा दाणा म्हणजे फळातली बी. ग्राइंडर घ्यायच्या बाजूने आपल्या घरातलं हे मोठं कारण आहे. शिवाय चिकोरीची पूड एस्प्रेसोच्या जाळीत चिकट होऊन बसते.

दुसरी गोष्ट ब्रश. ग्राइंडर साफ करायला मिळणाऱ्या कित्येक ब्रशांचे केस रानडुकराचे असतात. "नॅचरल ब्रिसल" असं छान नाव लिहिलेलं असतं. नायलॉनचा मागून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण न विचारता घरात आलं तर ओट्यावर रोज तेच हाताळायचं.

दाणे कुठले? चिकमंगळूर, कुर्ग इथले दाणे आता भाजल्याची तारीख छापून घरपोच येतात. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात सात बिया आणून तिथल्या डोंगरात लावल्या अशी परंपरा सांगतात, तो डोंगर आपल्यापासून फार लांब नाही. इटलीची पाकिटं घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण महिनोन्‌महिने बोटीतून आलेल्या दाण्यापेक्षा गेल्या आठवड्यात भाजलेला दाणा नक्कीच बरा. भाजल्यावर आठवडाभर थांबून महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच आणावं. पावसाळ्यात तर अडीचशे ग्रॅमपेक्षा जास्त नकोच. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं, हे रक्तदाबवाल्यांनी लक्षात ठेवावं. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सूर्यास्तापूर्वी सगळं आटोपणाऱ्यांना झोपेचा त्रास कमी होतो तो असा. आमची शेवटची कॉफी चार वाजता.

आता माझ्या आवडीचा विषय, हिशेब. बी. कॉम. झाल्यावर नोकरी केली नाही, पण घराची चोपडी कधी सोडली नाही. मुलं म्हणतात, "आई, कॅफेत अडीचशे रुपये घेतात, घरी केली की बचतच बचत." करून बघू. समजा दाणे पाव किलोला ५०० रुपये. १८ ग्रॅमचे झाले ३६. दीडशे मिली दूध, ७० रुपये लिटरने साडेदहा. म्हणजे पेला पडला साधारण ४७ रुपयांना. आता समजा ग्राइंडर आणि यंत्र मिळून ४० हजार, रोज दोन पेले, पाच वर्षं. ३,६५० पेले झाले, घसारा पेल्यामागे ११ रुपये. एकूण ५८. अडीचशेपुढे फारच कमी, नाही का?

पण पुढचं पान उलटा. मुलगा महिन्यातून आठ वेळा कॅफेत जात होता, वर्षाचे २४ हजार. घरी यंत्र आल्यावर दोघं मिळून रोज दोन पेले पितात. वर्षाचे ७३० पेले, नुसत्या दाण्या-दुधाचे ३४ हजार. बचत कुठे गेली? आणि ते कॅफेत जायचे थांबले आहेत असंही नाही, कारण तिथे मित्र भेटतात. म्हणजे हा खर्च आहे, हौसेचा आणि आनंदाचा खर्च. त्याला तसं म्हणायला लाजू नये. पण बचत म्हणून वहीत लिहू नये.

तिसरं पान सर्वांत वाईट. तेच ४० हजार, पण तीन महिने वापरून यंत्र माळ्यावर गेलं. १८० पेले. घसाराच पडला पेल्याला २२२ रुपये! अशी यंत्रं मी एकाहून अधिक घरांच्या माळ्यावर पाहिली आहेत, सूपमेकर आणि रोटीमेकरच्या शेजारी.

ती तिथे का जातात? माझ्या मते चव हे कारण फार थोड्या वेळा असतं. कारण असतं धुणं. प्रत्येक पेल्यानंतर चोथ्याची चकती काढायची, जाळी धुवायची, वरून पाणी सोडायचं. दूध तापवलं असेल तर वाफेची नळी तिथल्या तिथे पुसायची, नाहीतर दूध वाळून बसतं. खालचा ट्रे रोज रिकामा करायचा. रात्री चोथा तसाच राहिला की दोन दिवसांत बुरशी आणि चिलटं. आपण पाणी गाळून पिणारी माणसं आणि ओट्यावर जीव जोपासायचे, हे बरं दिसत नाही.

माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या घरी हेच झालं. नवऱ्याने हप्त्यावर मोठं यंत्र घेतलं. दोघं नोकरीला. सकाळी तो कॉफी काढून दोन पेले घेऊन बाल्कनीत जायचा आणि सगळे म्हणायचे, किती कौतुकाचा, बायकोला कॉफी करून देतो! मागचा पसारा मात्र तिच्या डब्याच्या घाईत तिच्या वाट्याला. चार महिन्यांनी तिने "मला कॉफी नको" म्हणायला सुरुवात केली. तिला कॉफी आवडते हो, लहानपणापासून. पण एक पेला नाकारून ती दहा मिनिटं वाचवत होती. घरातल्यांनी त्याचा अर्थ लावला, हिला कशाचीच हौस नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हातांचं काम वाढवते, आणि ते हात कुणाचे हे कधी कुणी बोलत नाही. म्हणून कोणतं यंत्र घ्यावं या प्रश्नाला मी ते कोण धुणार हे जोडते. जो हौस करेल त्याने चोथाही टाकावा. आमच्याकडे हा नियम पहिल्याच दिवशी ठरला, आणि सूनबाईंनी तो ठरवला तेव्हा मी त्यांच्या बाजूने उभी राहिले.

काही वडीलधाऱ्या म्हणतात, आपण अपरिग्रह सांगणारी माणसं, हे चोचले हवेतच कशाला? त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मोका पॉट बघा. बियालेत्तींनी १९३३ मध्ये काढलेलं ते भांडं, दाब फक्त एक-दोन बारचा, त्यामुळे ती खरी एस्प्रेसो नव्हे. पण गॅसवर होते, धुवायला तीन तुकडे, आणि दुधात घातली तर पाहुण्याला फरक सांगता येणार नाही. ज्यांना दुधाचीच कॉफी आवडते त्यांनी तिथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. परिग्रहाचं परिमाण म्हणजे काय? किती आणि कुठे थांबायचं ते आधी ठरवणं. दरवर्षी स्वस्त यंत्र आणून टाकून द्यायचं यापेक्षा बर बदलता येणारा, वर्षानुवर्षं चालणारा एक ग्राइंडर त्या परिमाणात जास्त बसतो.

आणि उलट बाजूने तरुण मंडळी म्हणतात, बटण दाबलं की दाणे दळून पेला भरून देणारं यंत्रच घेऊ. घ्या, वेळ नसेल तर. पण त्यात ग्राइंडर आत अडकलेला. तो बिघडला की सगळंच दुरुस्तीला, आणि आतला ओला कोपरा तुमच्या हाताला लागत नाही. सुटं सामान असलं की एक बिघडलं तरी दुसरं चालतं.

तर खरेदीचा माझा क्रम असा. आधी महिनाभर मोका पॉट किंवा फिल्टर. घरात रोज कॉफी होते का ते तेवढ्यात कळतं. मग एस्प्रेसोला चालेल असा ग्राइंडर, ठरवलेल्या पैशातले निम्मे तरी त्याच्यावर. तो मोका पॉटलाही कामी येतो, त्यामुळे इथे थांबलात तरी पैसे वाया नाहीत. मग ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. शेवटी यंत्र, साध्या जाळीचं, आपल्या ओट्यावर मावेल आणि आपल्या हाताला धुता येईल असं.

नवं पाकीट उघडल्यावर पूड १८ आणि पेल्यात ३६ ग्रॅम हे कायम ठेवा आणि फक्त दळण बदला. १५ सेकंदांतच उतरली आणि आंबट लागली तर बारीक करा. ४५ सेकंद लागले आणि कडू झाली तर जाड. सुरुवातीचे दोन-तीन पेले मनासारखे येत नाहीत. ते ओतून देऊ नका, दूध-साखर घालून संपवा. अन्न आहे ते. चोथा वाळवून कुंडीत घाला.

त्या तिघींपैकी एकीने ग्राइंडर घेतला आहे आणि यंत्र अजून घेतलेलं नाही. दुसरीच्या जावयांनी मोठं यंत्र घेतलं, पण धुणं त्यांच्याकडे लिहून घेतलं आहे, फ्रिजवर चिकटवून! सासूबाईंनी मात्र विचार करून पितळी फिल्टरच पुन्हा कल्हई करून आणला. मला तिन्ही निर्णय पटले.